सहा महिन्यांचें भाडें आगाऊ

घर भाड्यानें मागावयास आलेल्या अनोळखी गृहस्थानें जागा धड पाहण्यापूर्वींच सहा महिन्यांचें भाडें रोख पुढें केलें, तर घरमालकानें आनंद मानावा कीं सावध व्हावें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु अमरावतीच्या राजापेठेंत ज्यांच्या घरीं दोन खोल्या अधिक आहेत, त्यांना तो शाळा-महाविद्यालयें उघडण्याच्या सुमारास हटकून पडतो. परकोटाबाहेरची, बडनेऱ्याच्या वाटेवरची ही वस्ती. बदलीवर आलेला बँकेंतील नोकर, मेळघाटांतून किंवा दर्यापूर-अंजनगांवाकडून शिकावयास आलेला विद्यार्थी, नवें दुकान थाटूं पाहणारा परगांवचा व्यापारी, असे नाना तऱ्हेचे लोक येथें किरायाची खोली विचारीत हिंडत असतात. वऱ्हाडांत भाडेकऱ्यास किरायदार म्हणतात. त्यांतला एखादा म्हणतो, “काका, महिन्या-महिन्याची कटकट कशाला? सहा महिन्यांचे एकदमच घ्या.” काकांचा हात पुढें होतो न होतो, तोंच आंतून काकूंचा प्रश्न येतो, “पण हा आहे कोण?”

पैसा आधीं कीं ओळख आधीं, हा या व्यवहारांतला फार जुना तंटा आहे. आणि त्याचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, आगाऊ पैसा देणारा मनुष्य भाडेकरी म्हणून दारांत उभा राहतो खरा, परंतु उंबरा ओलांडतांना तो घरमालकाचा सावकार होऊन आंत येतो.

हें विधान अतिशयोक्तीचें नाहीं. भाडें म्हणजे जागेच्या उपभोगाचा मोबदला. तो ठरलेल्या दिवशीं देय होतो. त्या दिवसापूर्वीं मालकाच्या हातीं पडलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीनें भाडें नव्हेच. इंग्लंडांत १८७० सालीं डी निकल्स विरुद्ध साँडर्स या खटल्यांत न्यायाधीशांनीं हा भेद स्पष्ट करून ठेवला. मुदतीपूर्वीं दिलेलें भाडें ही मालकास दिलेली उचल होय. भाड्याचा दिवस उजाडला म्हणजे ती भाड्यांत वळती करावयाची, इतकाच त्या दोघांमधील करार. त्या खटल्यांतील घर गहाण पडलेलें होतें. गहाणदारानें मध्येंच येऊन भाड्याची मागणी केली, आणि ज्यानें तें मालकास आधींच चुकतें केलें होतें त्या बिचाऱ्यास तें पुन्हां भरावें लागलें. हिंदुस्थानांतील खटल्यांतहि या तत्त्वाचा आधार घेण्यांत आलेला आहे. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत, १०५ व्या कलमांत, पट्ट्याबद्दल दिलेल्या एकरकमी किंमतीस एक नांव आणि वेळोवेळीं द्यावयाच्या मोबदल्यास दुसरें नांव दिलेलें आहे. या दुसऱ्यासच भाडें म्हणावयाचें. दोहोंची गल्लत केली म्हणजे तंटे उपजतात.

सामान्य माणसानें हा भेद कायद्याच्या पुस्तकांतून शिकला असें मात्र नव्हे. कबजेगहाण हा प्रकार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. अडलेल्या घरवाल्यानें रक्कम घ्यावी, देणाऱ्यानें घरांत राहावें. हा व्याज मागणार नाहीं, तो भाडें मागणार नाहीं. मुद्दल फेडलें कीं घर मोकळें. अशा घरांत राहणाऱ्यास कोणी किरायदार म्हणत नाहीं. सहा महिन्यांचें भाडें आगाऊ घेणें हें त्या कबजेगहाणाचें धाकटें भावंड होय, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे काकूंच्या प्रश्नाचें मर्म कळतें. ज्याचे आपण देणेकरी होणार, तो कोण आहे हें विचारावयास नको काय?

ही सावधगिरी किती जुनी आहे? कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्यांत नगराच्या बंदोबस्ताचें जें प्रकरण आहे, त्यांत दारू विकणारे, शिजविलेलें मांस विकणारे, भाताची खाणावळ चालविणारे, यांनीं ओळखीच्याच मनुष्यास मुक्कामास जागा द्यावी असा नियम आहे. त्यालाच जोडून सांगितलें आहे कीं, जो पाहुणा बेसुमार खर्च करतो किंवा अविचाराचें साहस करतो, त्याची वर्दी अधिकाऱ्यांस द्यावी. म्हणजे उधळ्या हाताचा संशय हा आजचा नव्हे. ज्याला पैशाची किंमत वाटत नाहीं, त्याचा पैसा त्याच्या कष्टाचा नसावा, असा हा तर्क.

त्याच ग्रंथांत वास्तूच्या प्रकरणांत घरभाड्याचे नियम आहेत, आणि ते आजच्या वाचकास थक्क करतील इतके समतोल आहेत. सोड म्हटल्यावरहि जो राहतो त्यास बारा पण दंड. आणि भाडें देणाऱ्या रहिवाशास जो मालक घालवून देतो, त्यासहि बारा पणच. मात्र रहिवाशानें शिवीगाळ वा मारहाण केली, चोरी केली, दांडगाई केली, परस्त्रीस पळविलें किंवा जागेवर खोटा हक्क सांगितला, तर मालकास दोष नाहीं. जो आपण होऊन सोडून जाईल त्यानें वर्षाच्या भाड्याची राहिलेली बाकी भरून जावें. यावरून भाडें वर्षाच्या हिशेबानें ठरत असे असें दिसतें. नारदस्मृतीनें याहून निराळा एक प्रसंग विचारांत घेतला आहे. दुसऱ्याच्या भुईवर भाडें देऊन ज्यानें स्वतः घर बांधलें, त्यानें जातांना गवत, लांकूड, विटा घेऊन खुशाल जावें. तेथें भाड्यास ‘स्तोम’ हा शब्द आहे. असो. हे नियम कितपत पाळले जात, याचा झाडा आज घेतां येत नाहीं. पण लोकांना कोणत्या अडचणी येत होत्या, हें नियमांवरून ओळखतां येतें.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. कारण आगाऊ पैशानें घर कसें हातचें जातें याचा धडा ज्या प्रांतानें स्वतःच्या अंगावर गिरविला, असा प्रांत वऱ्हाडासारखा दुसरा क्वचितच सांपडेल.

अमरावतीचा परकोट निजाम सरकारनें १८०७ च्या सुमारास बांधावयास घेतला, तो पेंढाऱ्यांपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचें रक्षण करण्यासाठीं. म्हणजे त्या काळींहि या गांवांत राखण्याजोगा पैसा होता. तो पैसा कापसाचा आणि सावकारीचा. उभ्या पिकावर व्यापाऱ्यानें शेतकऱ्यास आगाऊ रक्कम द्यावी आणि सुगीला माल ठरल्या भावानें, अर्थात् बाजारापेक्षां कमी भावानें, उचलावा, ही रीत येथें घरोघर ठाऊक होती. आगाऊ पैसा फुकट कधींच येत नसतो, हें वऱ्हाडी कुणब्यास शिकविण्यास कोणी पंडित लागला नाहीं.

शेतकऱ्यानें जें केलें तेंच त्याच्या सरकारनें मोठ्या प्रमाणावर केलें. हैदराबादेस राजा चंदुलाल यांच्या हातीं कारभार असतां खजिन्यांत नेहमींच खडखडाट असे. त्यांनीं महसुलाचे इजारे देऊन आगाऊ रकमा घेण्याचा सपाटा लाविला. वऱ्हाडांतील मोठमोठे मुलूख प्रथम पूरणमल नांवाच्या सावकाराकडे आणि पुढें पेस्तनजी या पारशी पेढीकडे गेले. या पेस्तनजींचें एक ऋण वऱ्हाडानें मान्य केलें पाहिजे; १८२५-२६ च्या सुमारास येथील कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस धाडण्याची सुरुवात त्यांनीं केली, खामगांवासारख्या ठिकाणीं कापूस दाबण्याचीं यंत्रें उभारलीं आणि शेतकऱ्यांस सढळ हातानें उचल दिली. परंतु सरकारास दिलेल्या कर्जाची फेड म्हणून त्यांनीं महसुलाचा ताबा घेतला, आणि १८४३ सालीं चंदुलालांनीं कारभार सोडल्यानंतर जेव्हां नव्या कारभाऱ्यांनीं मुलूख परत मागितला, तेव्हां तो सुखासुखीं सुटला नाहीं. बरोबरच आहे. ज्याचा पैसा अडकला आहे त्यानें कां उठावें? सरकार म्हणे हा आमचा इजारदार; इजारदार म्हणे हे आमचे ऋणको. दोघेहि खरेंच बोलत होते.

एवढ्यावर भागलें नाहीं. निजामाच्या नांवानें पोसलेल्या कंटिंजंट फौजेचा पगार इंग्रज सरकार भागवीत गेलें आणि तें देणें फुगत गेलें. अखेरीस २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन झालें. विक्री नव्हे, दान नव्हे. देण्याच्या फेडीसाठीं लावून दिलेला मुलूख. आपल्या घरगुती भाषेंत कबजेगहाणच म्हणा ना! १८६० सालीं रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख परत गेले, वऱ्हाड मात्र राहिलें. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ हें त्याचें सरकारी नांव, म्हणजे नांवांत मालक हैदराबादचा आणि वस्तुस्थितींत वहिवाट दुसऱ्याची. पुढें १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं निजामाशीं बोलणें करून हा मुलूख कायमच्या पट्ट्यानें घेतला. भाडें ठरलें वर्षाला २५ लाख रुपये. आणि येथें एक बारकावा आहे, जो शाळेंतल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. हिंदुस्थान सरकारनें दिलेल्या कर्जांच्या फेडीपोटीं त्या पंचवीस लाखांतून दरसाल रक्कम कापून घेण्याचें ठरलें होतें. म्हणजे भाडेकरी सावकारहि होता, आणि मालकाचें भाडें मालकाच्याच देण्यांत वळतें होत होतें. १९०३ सालीं वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. १९३६ सालीं निजामाचें स्वामित्व पुन्हां एकदां कागदोपत्रीं मान्य झालें, आणि त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. घर मात्र परत मिळालें नाहीं.

प्रांताच्या मोजमापाची गोष्ट घराला लावणें कोणास ओढूनताणून वाटेल. पण इजारदारानें काय केलें? मालकाची नड ओळखली, तिच्यावर रक्कम ठेवली आणि बदल्यांत ताबा घेतला. रक्कम फिटेपर्यंत मालकाचा शब्द चालेनासा झाला. दोन खोल्यांच्या व्यवहारांतहि याहून निराळें कांहीं घडत नाहीं.

या सर्व उलथापालथींत अमरावती वाढत होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यास आला, तेथून अमरावतीस सहा मैलांचा फांटा निघाला. कमिशनरची कचेरी, न्यायालयें, कापसाच्या पेढ्या आणि १९२३ सालीं उघडलेलें किंग एडवर्ड कॉलेज यांच्यामुळें परगांवच्या माणसांची रीघ लागली. भाड्याची खोली ही तेव्हांपासून शहराची नित्य गरज झाली.

त्या काळीं घरमालक अर्जदारास पारखीत कसा? आजच्यासारखे छापील नमुने नव्हते. पहिला प्रश्न “कोणाकडचे?” दुसरा “कोणाच्या ओळखीनें आलांत?” वकिलाची, हेडमास्तरांची किंवा पेढीच्या मुनिमाची चिठी असली म्हणजे काम झालें. चिठी देणारा एका अर्थीं जामीनच. भाडें थकलें तर मालक त्याच्या दारांत जाऊन बसे. दरमहा भाडें घेण्यास स्वतः जाण्याचा प्रघात होता, आणि त्यांत पैशापेक्षां नजरेचा भाग मोठा असे. खोलींत किती माणसें आहेत, चूल कोठें मांडली आहे, भिंतीला खिळे किती मारले, हें सारें त्या एका फेरींत कळे. वर्षाचें भाडें एकदम घेणाऱ्याची ही फेरी आपोआप बंद पडते, आणि पुष्कळ वेळां देणाऱ्याचा हेतूहि तोच असतो.

तथापि ही ओळखीची पद्धत निर्मळ होती असें समजणें मोठें चुकीचें होईल. “कोणाकडचे?” या प्रश्नांत “कोणत्या जातीचे?” हा प्रश्न दडलेला असे, पुष्कळदां तो दडलेलाहि नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेंत आणि लंडनांत शिकून १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. दरबारचे अधिकारी, हातीं पैसा. पण राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहांत पारशी नांव लावून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले पारशी लोक दारांत येऊन उभे ठाकले. ओळखीच्या माणसांनीं आपापल्या अडचणी सांगितल्या. ज्यांच्या विद्वत्तेपुढें पुढें सारा देश नम्र झाला, त्यांना त्या रात्रीं मुंबईची गाडी धरावी लागली. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेवली आहे. तेथें वर्षाचें भाडें आगाऊ देऊ केलें असतें, तरी उपयोग झाला नसता.

म्हणून आगाऊ भाडें देऊं करणारा प्रत्येक मनुष्य लबाड, असें म्हणतां येत नाहीं. ज्याला गांवांत ओळख नाहीं, ज्याला कोणी चिठी देत नाहीं, ज्याचें आडनांव ऐकून दार लोटलें जातें, त्याच्यापाशीं शब्दाला वजन आणण्यास पैशाखेरीज दुसरें काय असतें? एकटी नोकरी करणारी स्त्री, धाकट्या भावंडांस घेऊन शिकावयास आलेला आदिवासी मुलगा, यांनीं घरच्यांनीं जमविलेले पैसे पुढें केले, तर तें लबाडीचें लक्षण नसून अगतिकतेचें असतें. लबाड आणि अगतिक दोघेहि एकच रक्कम पुढें करतात, आणि नोटांकडे पाहून त्यांतला कोण कोणता हें सांगतां येत नाहीं. पारखीची खरी अडचण ही आहे.

दोन महायुद्धांनीं या व्यवहाराचें रूप पालटलें. शहरांत माणसें वाढलीं, बांधकाम थांबलें, आणि मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. त्यापुढें १९३९, १९४४ आणि शेवटीं १९४७ चा कायदा. या शेवटच्यानें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण भाडें धरलें. भाडें गोठलें, पण जागेची किंमत गोठली नाहीं. मधला फरक ‘पागडी’ या नांवानें हातोहात फिरूं लागला. मानाचें पागोटें बांधावें, तशी ही भेट! कलकत्त्याकडे तिला सलामी म्हणत. १९४७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमानें प्रमाण भाड्याव्यतिरिक्त नजराणा, अनामत अथवा तत्सम कोणतीहि रक्कम घेणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि घेतलेल्या रकमेहून कमी नाहीं असा दंड सांगितला. परिणाम एवढाच झाला कीं पावती देणें बंद झालें.

वऱ्हाडांत हा मुंबईचा कायदा नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडाचा १९४६ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्याखालीं १९४९ चा भाडेनियंत्रण हुकूम निघाला. या हुकुमानें मालकाच्या पारखीवरच घाला घातला. घर रिकामें होणार असें कळतांच सात दिवसांत अधिकाऱ्यास वर्दी द्यावयाची. सरकारी नोकर किंवा फाळणीमुळें निर्वासित झालेलें कुटुंब यांस तें घर द्यावें असा हुकूम अधिकारी करूं शके. ठरलेल्या मुदतींत तसा हुकूम न आला तरच मालकानें आपल्या मर्जीचा भाडेकरी पाहावा. आगाऊ रक्कम घेऊन कोणी दारांत उभा असला तरी त्याचा उपयोग नाहीं. सिंधेंतून सर्वस्व गमावून आलेलीं कुटुंबें अमरावतीस स्थिरावलीं तो हाच काळ. “कोणाकडचे?” हा प्रश्न विचारण्याचा हक्क मालकाकडून काढून घेतला गेला, ही गोष्ट त्या वेळीं पुष्कळ घरांत फार बोचली. परंतु ज्यांना त्या प्रश्नापुढें आजवर दार बंद होतें, त्यांच्या बाजूनेंहि ती पाहावयास हवी.

भाडेकऱ्यास उठविणें तर त्याहून बिकट. भाडें एकूण तीन महिन्यांचें थकलें, मालकास स्वतःला जागेची खरी गरज पडली, पोटभाडेकरी ठेवला, अशीं ठराविक कारणें भाडेनियंत्रकापुढें सिद्ध करून आधीं त्याची परवानगी मिळवावयाची, मग नोटीस, मग दिवाणी दावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तरी राजापेठेंतल्या खोलीला १९४९ चाच हुकूम लागू राहिला. पुण्याच्या खोलीला एक कायदा आणि औरंगाबादच्या खोलीला तिसरा. दोन पायऱ्यांच्या या वाटेवर मालक म्हातारे झाले. आंत आलेला निघत नाहीं, या भयानें कित्येकांनीं खोल्यांना कुलूप घालून ठेवलें, आणि ज्यांनीं उघडल्या त्यांनीं आंत घेतांनाच शक्य तेवढें उकळलें. मोठी अनामत ही लोभाइतकीच भीतीचीहि संतती आहे.

डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, भाडें वर्षानुवर्षें गोठवून ठेवणें आतां न्याय्य राहिलें नाहीं, असा निर्णय मुंबईच्या कायद्यासंबंधानें दिला. त्यानंतर झालेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि तिन्ही भागांतले जुने कायदे गेले. त्याच्या ५६ व्या कलमानें नजराणा वा अनामत घेणें कायदेशीर झालें, आणि त्या रकमेस कमाल मर्यादा घातली नाहीं. ज्या कृत्याला पूर्वीं कैद होती, तें आतां मुद्रांकाच्या कागदावर लिहितां येतें. ५५ व्या कलमानें करार लेखी व नोंदलेला असणें सक्तीचें केलें आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. अनुज्ञप्तीच्या, म्हणजे नेहमींच्या अकरा महिन्यांच्या कराराची मुदत संपूनहि जो जागा सोडीत नाहीं, त्याच्याकडून दुप्पट दरानें भरपाई मागण्याची सोय २४ व्या कलमांत आहे.

येथें आगाऊ भाड्याचा एक नवा धोका ध्यानांत येतो. करार अकरा महिन्यांचा आणि पैसे मात्र दोन वर्षांचे घेतले, तर मुदत नेमकी कोणती? कागद एक बोलतो आणि पावती दुसरें. कागदावर अकरा महिनेच असले, तरी घेतलेली जादा रक्कम परत केल्याशिवाय मालक कोणत्या तोंडानें जागा मागणार? आणि घेतलेली रक्कम मुलीच्या लग्नांत किंवा गच्चीच्या दुरुस्तींत खर्च झालेली असते.

पारखीचीं साधनें आज वाढलीं, तशा लबाडीच्या वाटाहि वाढल्या. अलीकडे एक प्रकार देशभर बोकाळला आहे. दूरध्वनीवर बोलणारा गृहस्थ आपण सैन्यांतले अधिकारी, बदली होऊन येत आहों, असें सांगतो. जागा न पाहतांच पसंत करतो. ओळखपत्राचें चित्र धाडतो. आणि आगाऊ भाडें तत्काळ देतों असें सांगून मालकास एक क्यूआर कोड पाठवितो. पैसे घेण्यासाठीं कोड टिपण्याची किंवा गुप्त अंक दाबण्याची गरजच नसते, हें न कळल्यामुळें मालक तें करतो आणि त्याच्याच खात्यांतून रक्कम निघून जाते. कौटिल्याच्या काळांतला उधळ्या पाहुणा निदान समोर तरी येत असे.

परदेशांतहि या प्रश्नानें कायदेकारांस घाम फोडला आहे. दक्षिण कोरियांत चोन्से नांवाची पद्धत आहे. घराच्या किंमतीचा मोठा हिस्सा एकदम मालकास द्यावयाचा, दरमहा भाडें कांहीं नाहीं, आणि मुदत संपतांच सारी रक्कम बिनव्याजी परत. आपलें कबजेगहाणच हें! २०२२-२३ मध्यें घरांच्या किंमती उतरतांच पुष्कळ मालकांना रकमा परत करतां येईनात, आणि बुडालेल्या भाडेकऱ्यांसाठीं सरकारास खास कायदा करावा लागला. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं अनामत किंवा आगाऊ रक्कम एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली. इंग्लंडनेंहि २०२५ च्या कायद्यानें भाडेपट्टा सुरू होण्यापूर्वीं एका महिन्याहून अधिक भाडें मागण्यास व घेण्यास मनाई केली. गरीब भाडेकऱ्यास पैसेवाल्यानें बोली लावून मागें सारूं नये, हा त्यांतला उद्देश. पण परदेशांतून गेलेले विद्यार्थी, ज्यांना तिकडे जामीन मिळत नाहीं, आजवर सहा महिन्यांचें भाडें भरूनच खोली मिळवीत आले होते. त्यांची ती वाट बंद झाली. त्यांत मराठी मुलेंमुलीहि आहेत. केंद्र सरकारनें २०२१ सालीं राज्यांपुढें ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यांत राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती असावी असें सुचविलेलें आहे. ही मर्यादा आपल्या लोकांच्या दृष्टीनें बरीच शहाणपणाची दिसते. जामिनाची जागा घेण्यास ती पुरते आणि कोणासहि कोणाचा सावकार करीत नाहीं.

राजापेठेंतले जाणते घरमालक अशा वेळीं जें करतात, त्यांत नवें थोडें आणि जुनें फार आहे. रक्कम पाहून ते नाहींहि म्हणत नाहींत आणि होहि म्हणत नाहींत. एक दिवस मागून घेतात. त्या दिवसांत अर्जदार पूर्वीं जेथें राहत होता त्या घरच्या मालकास विचारतात, कचेरींत वा महाविद्यालयांत जाऊन खात्री करतात, पोलीस ठाण्यांत द्यावयाच्या माहितीचा नमुना त्याच्याकडून भरून घेतात. लबाडास हा एक दिवस सोसत नाहीं. ज्याला खरोखरच कोणी ओळखीचें नाहीं, तो थांबतो. अशास दोन महिन्यांची अनामत घेऊन आणि भाडें मात्र दरमहा ठेवून खोली द्यावी, म्हणजे महिन्याची फेरी चालू राहते. आणि एवढेंहि करून कोणी अधिक महिन्यांचें भाडें घेतलेंच, तर ती रक्कम किती महिन्यांची, दरमहा किती वळती व्हावयाची, आणि मध्येंच जागा सोडल्यास उरलेली किती दिवसांत परत द्यावयाची, हीं तीन वाक्यें नोंदणीच्या कागदांतच असावींत. निराळ्या चिठोऱ्यावर लिहिलेलीं वाक्यें भांडणाच्या दिवशीं सांपडत नाहींत.